अर्धी भरलेली वर्तुळं

लिंबायत, सुरत
१८ जानेवारी २०२५

सुषमावहिनी,

अंगणवाडीच्या पत्त्यावर माझं पत्र बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. हसून घे. फोन असताना पत्र का, तर आमच्या खोलीत फोन कुणा एकाचा नसतो. स्पीकर लावूनच बोलायचं असा तुझ्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा नियम आहे. तिकडे तुझ्या घरात माझे आईअप्पा कान टवकारून बसलेले असतात. सासूबाईंना वाचता येत नाही हे आपलं नशीब. आत्ताही समोर बसून विचारताहेत, "काय लिखी राह्यनी व?" मी म्हटलं, साड्यांच्या खड्यांची डिझाइनं उतरवतेय.

सोनीचं कळलंच असेल, पण अर्धंच. पोरगी पांढरी पडत चालली होती, पोट फुगलेलं, दूध ओढायची ताकद नाही. दृष्ट काढून झाली, लोहाचं औषध पाजून झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्त साडेचारवर आलं होतं. आजाराचं नाव थॅलेसेमिया. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवायचं. किती दिवस, असं मी विचारलं तर नर्सबाई सोनीचे मोजे नीट करत बसली. तेव्हा समजलं, जन्मभर.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. रक्त चढत असताना तिथल्या मॅडमनी एक टॅब आणून समोर ठेवला. त्यात पुण्याहून एक बाई बोलत होत्या, स्वाती मॅडम. समुपदेशक म्हणतात त्यांना. हे काम मराठीत करणारं इथल्या दवाखान्यात कुणी नाही म्हणून पुण्याहून. त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं, मी डॉक्टर नाही, मला बाळाला हात लावून बघता येत नाही. इथले डॉक्टर जे लिहितात, तुम्ही जे सांगता आणि तपासणीत जे येतं, तेवढ्यावरच मी बोलणार.

मग त्यांनी विचारत विचारत आमचं सगळं खानदान एका कागदावर काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. माझं वर्तुळ अर्धं भरलं, ललितचा चौकोन अर्धा भरला, आणि सोनीचं वर्तुळ पूर्ण काळं. आम्ही दोघं धडधाकट, पण प्रत्येकाच्या अंगात अर्धं अर्धं लपून बसलेलं. म्हणाल्या, माणसाच्या अंगात तीनशे कोटी अक्षरं लिहिलेली असतात, त्यातलं एक चुकलेलं. एकच. मी तीस वर्षं हे अंग वागवते आहे, मला पत्ता नाही, आणि कधी न भेटलेली बाई पुण्यात बसून ते अक्षर दाखवते.

त्यांनी विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का. मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, भावंडांना सवडीनं सांगा, रक्त तपासून घ्या म्हणून. तर तू आणि दादा दोघं तपासून घ्या. जास्त विचारू नकोस. तुझ्या आईनं मला बजावलंय, "कोणले सांगानं नही."

तुझी,
गायत्री

---

सावखेडे, ता. अमळनेर
२५ जानेवारी

गायत्रीवहिनी,

पत्र वाचताना मुलांना खिचडी वाढायची राहिली. सेविकाबाई ओरडल्या. सोनीचं वाचून जीव गोळा झाला, माझी भाची आणि मी इतक्या लांब. दर तीन आठवड्यांनी सुई म्हणजे त्या हातात शीर तरी कुठे सापडत असेल?

तू रक्त तपासायला का सांगतेस ते मला कळलं. सोनीला द्यायला माणसं लागत असणार. माझं रक्त बी पॉझिटिव्ह आहे, तुझ्या भावाचं ओ. जुळत असेल तर तुझे भाऊ पहिल्या गाडीनं येतील. मी मात्र आत्ता येऊ शकत नाही, रक्तही देऊ शकत नाही.

कारण लिहिते, पण फाडून टाक. दिवस गेलेत. दुसरा महिना सरत आलाय. गेल्या वर्षी सगळ्यांना सांगून बसले आणि अडीच महिन्यांत हातचं गेलं, तेव्हापासून मी शपथ घेतली की तीन महिने पुरे झाल्याशिवाय आईलाही सांगायचं नाही. तुझ्या भावाला माहीत आहे, आता तुला. इथे बायका माझ्या चालण्यावरून ओळखू बघतात, मी मुद्दाम जास्त वाकून झाडते.

पेढे सोनीच्या हातानं खाईन म्हणते.

सुषमा

---

लिंबायत
३० जानेवारी

सुषमावहिनी,

हे पत्र स्पीडपोस्टनं टाकतेय. बसून वाच.

रक्त देण्यासाठी नव्हे, तुमच्या स्वतःसाठी तपासायला सांगितलं होतं. माझी चूक झाली, मी अर्धंच लिहिलं. तुझ्या आईच्या धाकानं अर्धं लिहिलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी दुपारी गॅलरीत जाऊन स्वाती मॅडमना फोन लावला. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं घरात कुणी गरोदर आहे का, तर आहे. माझी वहिनी. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाची बायको ना, मग ती बाहेरच्या घरातून आली, काळजी कमी. मी म्हटलं, बाहेरच्या कुठल्या, ती ललितची सख्खी बहीण. आमचं साटंलोटं आहे. तिचा भाऊ मला दिला, माझा भाऊ तिला. एका मांडवात.

मॅडम हळू म्हणाल्या, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, दोन्ही घरांत काही नातं आहे का. आणि दोनदा आम्ही दोघांनी नाही म्हटलं होतं, वहिनी. खोटं बोललो नव्हतो. मामाची पोरगी केली असती तर नातं. साटंलोटं म्हणजे देवघेव, ते नातं असतं हे आमच्या डोक्यातच आलं नाही. त्या बिचाऱ्यांना पडद्यावर दोन माणसं दिसत होती, एका दोरीनं बांधलेली दोन घरं दिसत नव्हती.

आता नीट ऐक. माझ्यात आहे म्हणजे दादामध्ये असू शकतं. ललितमध्ये आहे म्हणजे तुझ्यात असू शकतं. कदाचित दोघांत नसेल, कदाचित एकातच असेल, मग भीती नाही. दोघांत असेल तर दर खेपेला चार चिठ्ठ्या टाकायच्या. एक चिठ्ठी सोनीसारखी, दोन आपल्यासारख्या अर्ध्या, एक अगदी कोरी. आणि दर खेपेला चिठ्ठ्या नव्यानं.

मी मॅडमना म्हटलं, तुम्हीच तिला फोन करा, तुमचं ती ऐकेल. नाही म्हणाल्या. तुमच्या घरातलं कुणाला काय सांगायचं हे तुमच्या हातात आहे, मी परस्पर कुणाला कळवू शकत नाही. तिनं स्वतः फोन केला तर रात्रीबेरात्री उठून बोलेन. मला राग आला. एवढं सगळं दिसतं आणि एक फोन करता येत नाही. पण मग वाटलं, बरोबरच आहे, हे सांगायला माझीच जीभ हवी.

तपासणी साधी आहे, दोघांच्या हातातून थोडं रक्त. उद्याच जा. दोघांत निघालं तर पोटातल्या बाळाची तपासणी अकरा ते तेरा आठवड्यांत करतात, ती इथे सुरतेत होते. दिवस थोडे आहेत. नंबर मागे लिहिलाय.

तुझी आई का अडवते ते मला माहीत आहे. दोष तिच्या लेकाच्या बाजूचा ठरला तर माझे अप्पा तुला परत धाडतील, आणि तू इकडे आलीस की मला तिकडे जावं लागेल. एक गाठ सुटली की दुसरी सुटणारच. मलाही त्याचीच भीती आहे. तरी लिहितेय.

गायत्री

---

सावखेडे
९ फेब्रुवारी

गायत्री,

वहिनी लिहायला हात उचलत नाही आज.

पत्र वाचून पहिल्यांदा मला तुझाच संताप आला. चांगलं पोट घेऊन बसले होते, तू त्यात चार चिठ्ठ्या टाकल्यास. दोन दिवस पत्र मुलांच्या वजनाच्या रजिस्टरमध्ये लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तुझ्या भावाला दाखवलं. त्यांनी मोटरसायकल काढली, अमळनेरला नेलं. काल रिपोर्ट आले.

दोघांत आहे.

घरी लपवता आलं नाही, कारण मी रडत होते आणि तुझ्या आईंना वाटलं पुन्हा गेलं. सगळं सांगावं लागलं, दिवस गेल्याचंही. तुझे अप्पा ओसरीवरून म्हणाले, यांच्या माहेरचं रक्तच नासकं, आपली गायत्री तिथे जाऊन फसली. तुझ्या भावानं स्वतःचा रिपोर्ट पुढे धरला तर म्हणाले, मशीन चुकली असेल, आमच्या घरात असलं कुणाला नाही. होळी झाली की हिला सुरतेला पोचवा आणि आपली पोर घेऊन या, असं म्हणाले. अप्पांचं बोलणं तुला माहीत आहे, एकदा म्हटलं की म्हटलं.

तुझ्या त्या मॅडमना मी व्हिडिओ फोन केला. त्यांनी कागदावर मला काढलं, माझ्या शेजारी तुझ्या भावाचा चौकोन, खाली एक लहानसा शंकरपाळा. मी विचारलं हा कोण. म्हणाल्या, हे तुमचं बाळ, अजून रंगवलेलं नाही.

त्यानंतर माझा राग गेला. कुठे गेला माहीत नाही.

सुषमा

---

लिंबायत
१७ फेब्रुवारी

सुषमावहिनी,

तुझा रिपोर्ट कळल्यावर मी तुझ्या आईला सगळं सांगून टाकलं. पत्र लिहिलं, तू तपासलं, तुला दिवस आहेत, अप्पा काय बोलले, सगळं. वाटलं चिमटा घेऊन मागे लागतील. त्यांनी दोन दिवस चहासुद्धा माझ्या हातचा घेतला नाही. मग १४ तारखेला सोनीच्या रक्ताच्या दिवशी स्वतःच पातळ बदलून रिक्षात येऊन बसल्या.

दवाखान्यात टॅब लागला तसा मला बाजूला सारून समोर बसल्या आणि पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "बाई, हाई कोन्हं पाप शे, ते सांग."

मॅडम म्हणाल्या, पाप कुणाचंच नाही, आजी. मग त्यांनी विचारलं, तुम्ही भावंडं किती? माझ्या सांगण्यावरून काढलेल्या कागदावर आजींच्या वर काही नव्हतं, मला माहीतच नव्हतं. तुझ्या आईनं सांगितलं ते तूही कधी ऐकलं नसशील. "आम्ही आठ जन. सात जन थंडीतापमा ग्यात. मी येकलीच वाचनू." हिवतापात, एकेक करून. तुझी आजी म्हणे प्रत्येकाचं झबलं एका गाठोड्यात बांधून ठेवायची.

मॅडमनी सात चिन्हं काढली, प्रत्येकावर तिरकी रेघ मारली. मग त्यांनी जे सांगितलं त्यातून मी अजून सावरलेली नाही. ज्यांच्या अंगात हे अर्धं असतं, त्यांना हिवताप सहसा मारू शकत नाही. पूर्ण असलेली मुलं जातात, कोरी असलेली तापानं जातात, अर्धी असलेली जगतात. म्हणून जिथे ताप होता तिथे हे चुकलेलं अक्षर हजारो वर्षं टिकलं. ज्या गोष्टीला आपण नासकं म्हणतो तिनंच माणसं तगवली.

मी विचारलं, म्हणजे आई यामुळेच वाचल्या? मॅडम म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. सगळ्या माणसांचं मिळून सांगता येतं, एका माणसाचं नाही. त्यांच्या रक्तात आहे की नाही तेही तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही.

तुझ्या आईनं लगेच पदर सरकवून हात पुढे केला. टॅबच्या पुढे केला. नर्सबाई म्हणाली, माँजी, त्या पुण्यात आहेत, हात इकडे द्या.

१५ तारखेला रिपोर्ट आला. आहे, अर्धं. त्यांनी तो कागद हातात धरून ठेवला, उलटा, आणि म्हणाल्या अप्पांना फोन लाव. स्पीकरवर. पुढचं तू तिकडून ऐकलंसच, पण मी लिहून ठेवते, कारण मला ते कागदावर हवंय. "व्याही, हाई मन्हं रगत शे. मन्ही पोरले धाडानं व्हई ते आधी मले सांगा, मी लेवाले येसू. पन तुमनी पोर आठून हालनार नही. ती मन्ही शे."

साटंलोटं तुटलं तर दोन्हीकडून तुटतं, हे आपण जन्मापासून ऐकलं. लेक परत आली तरी सून इथून धाडणार नाही, एवढ्या एका वाक्यात त्या बाईनं दोरीच कापली. मी सोनीला घेऊन शेजारीच उभी होते.

तू ये. बाळाच्या तपासणीला २४ तारखेचं नाव लावलंय.

गायत्री

---

सावखेडे
२ मार्च

गायत्रीवहिनी,

सुखरूप पोचलो. त्या सुईच्या वेळी तू बाहेर सोनीला घेऊन फेऱ्या मारत होतीस, मला दाराच्या काचेतून तुझी ओढणी दिसत होती. डॉक्टरांनी आधी सही घेतली, मुलगा की मुलगी विचारणार नाही म्हणून. मला ते विचारायचंच नव्हतं.

इथली बातमी म्हणजे तुझे अप्पा गुपचूप अमळनेरला जाऊन रक्त तपासून आले. कुणाला सांगितलं नाही. सदरा धुताना खिशातला रिपोर्ट आईंना सापडला. त्यांच्यातही आहे. मला पोचवायचं आता कुणी बोलत नाही, उलट काल अप्पांनी माझ्यासाठी डाळिंबं आणली आणि ओसरीवर ठेवून निघून गेले.

पण सुई झाल्यावर मी स्वाती मॅडमना एक विचारलं, ते तुला तिथे सांगितलं नाही. विचारलं, रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही माझ्या जागी काय कराल? त्या म्हणाल्या, मी तुमच्या जागी नाही, सुषमाताई. जे जे रस्ते आहेत ते सगळे सांगेन, कायदा काय म्हणतो तेही सांगेन, तुम्ही कुठलाही धरलात तरी फोन उचलेन. ठरवायचं मात्र तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी.

मी मनात शिव्या घातल्या. एवढी शिकलेली बाई आणि ऐन वेळी हात वर करते. गाडीत बसल्यावर नंदुरबारच्या अलीकडे कुठेतरी माझ्या लक्षात आलं, या जन्मात मला हे कुणी विचारलंच नव्हतं. तुझं-माझं लग्न ठरलं तेव्हा आपण दोघी भांडी घासत होतो. बाहेर चार पुरुष बोलले आणि आपण वाटल्या गेलो. एवढ्या मोठ्या गोष्टीत तू ठरव असं म्हणणारं पहिलं माणूस मला पडद्यात भेटलं. मी घाबरले, वहिनी. एवढं माझ्या हातात आहे यानंच घाबरले.

ठरवलंय मी. तुझ्या भावाला सांगितलंय. तुला नाही लिहीत, कारण हे वाचताना सोनी तुझ्या मांडीवर असेल.

सुषमा

---

लिंबायत
११ मार्च

सुषमावहिनी,

काल तुझा फोन आला तेव्हा ललित यंत्रमागाच्या खात्यातून नुकताच आला होता, अंगावर सुताचा भुसा तसाच. तू म्हणालीस "अर्धं आहे, आपल्यासारखं," आणि ललित भिंतीला टेकून खाली बसला. तुझ्या आईनं विचारलं, म्हणजे कसं? मी म्हटलं, तुमच्यासारखं. त्या म्हणाल्या, "मंग जगी ते," आणि देवापाशी न जाता सरळ चूल पेटवायला गेल्या, म्हणजे गॅस. लापशी केली.

सगळे हसत होते. मी सोनीला घेऊन गॅलरीत गेले.

तुला खरं लिहिते, कारण एकदा अर्धं लिहून मी काय केलं ते पाहिलंय. मला आनंद झाला आणि त्याच वेळी मनात आलं, तुझी चिठ्ठी चांगली निघाली. माझी का नाही? तेच दोन्हीकडचं रक्त, त्याच चार चिठ्ठ्या. सोनी माझा कानातला डूल ओढत होती आणि मी तुझा हेवा करत होते. माफ कर.

आणि तू काय ठरवलं होतंस ते मला कळलं होतं. वाचताना ती खरंच मांडीवर होती. मी रागावले नाही. मला आधी कळलं असतं तर मीही कदाचित तेच ठरवलं असतं. मग सोनी नसती. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मी स्वाती मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. मग फोन ठेवला नाही, सोनी आता काय काय करते ते विचारत राहिल्या.

काल सोनी पहिल्यांदा धरून उभी राहिली. हे तुझ्या बातमीत राहूनच गेलं.

गायत्री

---

सावखेडे
२० मार्च

गायत्रीवहिनी,

माफी कसली मागतेस. तुझ्या जागी मी असते तर फोनच आपटला असता.

तुझं पत्र वाचून मी मॅडमना फोन केला, माझ्या बाळाचं विचारायला नव्हे. अंगणवाडीतल्या ताईंच्या मोबाईलवर मी वाचलं होतं की दुसऱ्याच्या हाडातला मगज घालून हा आजार पुरता बरा होतो. विचारलं, हे खरं का आणि सोनीला माझ्या बाळाचा चालेल का. म्हणाल्या, बाळ अर्धं असलं तरी चालतं, पण मगज जुळावा लागतो. सख्ख्या भावंडात चारात एकदा जुळतो, साध्या चुलत-आते भावंडात क्वचितच. मी म्हटलं बरं, आणि ठेवणार होते.

तर त्या म्हणाल्या, थांबा, तुमची मुलं साधी नाहीत. आईकडूनही तेच घर, बापाकडूनही तेच घर. पुन्हा तो कागद काढला त्यांनी. मला पेनचा आवाज येत होता. म्हणाल्या, साटंलोट्यामुळे ही दोघं साध्या आते-मामे भावंडांपेक्षा जवळची आहेत. सोळात एकदा जुळू शकेल.

सोळात एकदा म्हणजे पंधरा वेळा नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. वचन देत नाही, म्हणाल्या. जुळलं तरी पुढचं मोठ्या डॉक्टरांचं काम, त्यात धोकाही आहे, ते मी इथून सांगू शकत नाही. मी सगळं ऐकून घेतलं. ज्या गाठीनं आपल्याला इतकं जाळलं, तिच्यातूनच हे सोळातलं एक निघालं. मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून राहिले, मुलं भोवती आरडाओरडा करत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ऑगस्टमध्ये मी तिकडेच येणार. इथे कुणी काही म्हणायच्या आत मी बोलून टाकलं, जन्मल्यावर बाळाच्या नाळेतलं रक्त सोनीशी जुळतं का बघायला द्यायचं. नाही जुळलं तर नाही. तुझ्या भावाला विचारलं, तुमची हरकत आहे का?

ते बैलांना पाणी पाजत होते. म्हणाले, "मले काय इचारस? ठरवानं ते तू ठरव."

ठरवलं, वहिनी.

सुषमा